पारांग नेसून योग्यकार्त्याच्या लग्नाला जावं का? बाटिकच्या नक्ष्या आणि त्यांचे प्रसंग

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलाचं लग्न इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या योग्यकार्त्याच्या मुलीशी ठरलंय, विधी जावानी पद्धतीने तिकडेच होणार आहेत, आणि विहीणबाईंचा आग्रह आहे की तुम्ही दोघांनीही त्या दिवशी बाटिक नेसावं. तुम्ही हौसेने ऑनलाइन दोन कापडं मागवलीत. निळा-तपकिरी रंग, अंगभर तिरप्या ओळी, प्रत्येक ओळीत एकमेकांत अडकलेले वळसे. विक्रेता म्हणतो, ‘राजघराण्याची नक्षी, सामर्थ्य आणि विजयाचं प्रतीक, शुभकार्याला उत्तम.’ दुसरीकडे कुठेतरी वाचलंत की हीच नक्षी लग्नात चालत नाही. मग खरं काय, आणि या नक्ष्यांचे अर्थ तरी काय?

आधी निकाल सांगते: ही कापडं लग्नात नेसू नका. वर्णनावरून ती पारांग आहे हे उघड आहे. गंमत म्हणजे विक्रेता खोटं बोललेला नाही. पारांग राजघराण्याचीच आहे, सामर्थ्याचीच आहे. पण तेवढ्यावरून ती लग्नात चालेल असं होत नाही.

मी बाटिक करते आणि शिकवते. हे काम मी योग्यकार्त्याच्या दक्षिणेला इमोगिरीजवळ गिरिलोयो नावाचं गाव आहे, तिथल्या बायकांच्या हाताखाली शिकले. त्यामुळे खाली जे लिहितेय त्याला त्या भागाचा वास आहे. उत्तर किनाऱ्यावरचं कुणी लिहिलं असतं तर भर वेगळ्या गोष्टींवर पडला असता, हे लक्षात ठेवून वाचा.

आपल्याकडे सगळे ‘या नक्षीचा अर्थ काय’ असं विचारतात, आणि त्याला एका ओळीचं उत्तर इंटरनेटवर हमखास मिळतं. कावुंग म्हणजे शुद्ध मन, पारांग म्हणजे लढाऊ वृत्ती, मेघ म्हणजे संयम. ही उत्तरं खोटी नसतात, पण त्यांवरून नेसायचं काय हे ठरवता येत नाही. मध्य जावात कापडाबद्दल विचारायचे प्रश्न वेगळे असतात: नेसणारं कोण, नातं काय, प्रसंग कोणता, गाव कुठलं, आणि नक्षी किती मोठी. आपल्याकडच्या काळ्या चंद्रकळेचं घ्या. संक्रांतीला तिचं केवढं कौतुक, आणि तीच साडी कुणी लग्नाच्या मांडवात नेसून आलं तर आजीच्या कपाळाला आठी. काळ्या रंगाचा ‘अर्थ’ पाठ करून परदेशी माणसाला हे कळणार नाही. पारांगचं तसंच आहे.

तुमच्याकडचं कापड जरा जवळ घेऊन बघा. तिरप्या पट्ट्यात एकामागोमाग एक असे ‘एस’सारखे वळसे दिसतील, एकाचं डोकं दुसऱ्याच्या शेपटीत. दोन पट्ट्यांच्या मधे एक अरुंद पट्टी असेल आणि तिच्यात छोटे शंकरपाळ्याच्या आकाराचे चौकोन ओळीने असतील. त्यांना म्लिंजोन म्हणतात. वळसे कुठेही तुटत नाहीत, लाट मागून लाट यावी तसे येत राहतात. योग्यकार्त्यात सांगतात की मातारामचं राज्य उभं करणारा सेनोपाती दक्षिण किनाऱ्यावर पारांगकुसुमो इथे ध्यानाला बसला होता, आणि कड्यावर सतत आपटणाऱ्या लाटा बघून त्याला ही नक्षी सुचली. ही दंतकथा. पण ‘न थांबता झुंजत राहणं’ हा अर्थ तिथून आलाय आणि कापडाकडे बघितलं की तो पटतो. काढायलाही ही नक्षी छळणारी आहे. चांतिंग म्हणजे मेणाचं पेन, बांबूची दांडी आणि तांब्याची चोच. त्याने ओळ धरली की वळशांचा ताल शेवटपर्यंत सांभाळावा लागतो. मधे एक वळसा जाड झाला की पुढचे सगळे कडेला जाऊन कोंबले जातात. पारांग काढताना चूक झाली तर तिची शक्ती जाते, असं मानणारे लोक आहेत. मी शक्तीचं सांगू शकत नाही, पण तशी ओळ दहा फुटांवरून डोळ्यात खुपते हे खरं.

आता राजवाड्याचा संबंध. 1755 मध्ये गियांतीच्या तहाने मातारामचं राज्य दोन भागांत वाटलं गेलं, सुरकार्ता म्हणजे सोलो आणि योग्यकार्ता. दोन्ही दरबारांनी काही नक्ष्या राखीव केल्या. त्यांना ‘लारांगान’ म्हणतात, मनाई असलेल्या. सोलोत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तसे हुकूम निघत होते. योग्यकार्त्यात आठव्या सुलतानाने, हामेंग्कुबुवोनो आठवे यांनी, 1927 मध्ये सविस्तर नियमावली काढली. राजाने काय नेसावं, युवराजाने काय, राजपुत्रांनी काय, नातवंडा-पतवंडांनी काय, अधिकाऱ्यांनी काय. पारांग रुसाक, गरुडाच्या पूर्ण पंखांची नक्षी, उदान लिरिस म्हणजे भुरभुर पावसाची नक्षी, या सगळ्या त्या राखीव यादीतल्या.

आणि त्यातही आकार. पारांगची पट्टी जितकी रुंद तितका नेसणाऱ्याचा मान मोठा. सगळ्यांत मोठी ‘बारोंग’, ती राजाची. मधली ‘गेंद्रेह’, सगळ्यांत लहान ‘क्लितिक’. तुमच्या कापडावरची पट्टी तळहाताएवढी रुंद असेल, तर वधूपक्षाकडच्या म्हाताऱ्या मंडळींना ती ‘आम्ही राजे आहोत’ असं ओरडून सांगतेय असं वाटेल. बोटभर असेल तर एवढं वाटणार नाही. हा फरक विक्रेत्याच्या एका ओळीत येतच नाही, आणि जावात मात्र आधी तोच बघतात.

आज राजवाड्याबाहेर कायद्याने कुणालाच बंदी नाही. बाजारात पारांगचे शर्ट ढिगाने मिळतात, कार्यालयात लोक घालून जातात. राजवाड्याच्या आवारात मात्र अजूनही पाहुण्यांनी पारांग घालून येऊ नये अशी अपेक्षा असते. तुम्ही लग्नाच्या आधी-नंतर फिरायला जाणारच, तेव्हा हे डोक्यात ठेवा.

लग्नाचं कारण आणखी वेगळं. नवरा-नवरीच्या अंगावर किंवा मांडवात पारांग असेल तर संसारात खटके उडतात, अशी समजूत मध्य जावात खोल रुजलेली आहे. झुंजीची नक्षी संसाराच्या पहिल्या दिवशी कशाला, असा साधा विचार. ही जुन्या लोकांचीच गोष्ट आहे असं समजू नका. डिसेंबर 2022 मध्ये इंडोनेशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो यांच्या धाकट्या मुलाचं, काएसांगचं लग्न झालं. सोलोतल्या मांग्कुनेगारान राजवाड्यात जो सोहळा होता, त्याच्या पाहुण्यांना आधीच कळवलं होतं की पारांग किंवा लेरेंग, म्हणजे तिरप्या ओळींची नक्षी, घालून येऊ नका. तिथे वाड्याची शिस्त आणि लग्नाचा संकेत दोन्ही एकत्र होते. तुमच्या लग्नात वाडा नसेल, पण संकेत असणारच.

तरी एक ‘पण’ आहे. काही घरांत साखरपुड्याला पारांग कुसुमो चालते, उलट चांगली समजतात. म्हणजे पारांगच्याच प्रकारांपैकी एक चालते, एक नाही. म्हणून मी छातीठोक ‘कधीच नाही’ म्हणत नाही. पण तुम्ही बाहेरून येताय, वरमाय म्हणून येताय, आणि सगळ्यांचे डोळे तुमच्यावर असणार आहेत. अशा वेळी अपवादाच्या भरवशावर राहू नये.

मग तुम्ही काय नेसायचं?

याला जावानी परंपरेत अगदी स्पष्ट उत्तर आहे, आणि ते खास तुमच्यासाठीच आहे: त्रुंतुम. वधूवरांच्या आईवडिलांची नक्षी म्हणून ती ठरलेली आहे.

त्रुंतुम दुरून बघितलं तर काळपट कापडावर बारीक बारीक पांढरे ठिपके पसरल्यासारखं दिसतं. जवळ गेलात की प्रत्येक ठिपका म्हणजे पाकळ्या फुटलेलं छोटं फूल असतं, किंवा चांदणी म्हणा, मधे केंद्र आणि बाजूला केसरांसारखे बारीक तंतू. कुठे अख्खी चांदणी, कुठे अर्धी, सगळं चौकोनी जाळीत बसवलेलं. कथा सोलोची आहे. तिथले राजे पाकुबुवोनो तिसरे यांचं राणीवरून लक्ष उडालं. एकटी पडलेली राणी रात्री आकाशाकडे बघत बसायची, आणि जे दिसलं ते तिने कापडावर मेणाने काढायला घेतलं. राजा कधीतरी आला, काय चाललंय बघू लागला, मग रोज येऊ लागला, आणि प्रेम पुन्हा फुललं. इतिहास म्हणून या कथेचं वजन किती, ते सोडा. पण तिच्यामुळे या नक्षीला ‘पुन्हा पालवणारं प्रेम’ हा अर्थ चिकटला, आणि दुसरा अर्थ ‘वाट दाखवणं’. आईवडिलांनी पोरांना नव्या वाटेवर लावून द्यायचं, म्हणून त्यांच्या अंगावर ही. नवरा-नवरी जेव्हा गुडघ्यांवर बसून आईवडिलांच्या मांडीशी वाकतात, त्या सुंगकेमानच्या विधीत, तेव्हा डोकं टेकतं ते याच कापडावर.

नक्षी मूळ सोलोची असली तरी योग्यकार्त्यातही आईवडील हीच नेसतात, त्यामुळे गाव चुकण्याची भीती नाही. शिवाय त्यावर कमरेला ‘सिंदुर’ बांधतात, लाल पट्टा आणि कडेला पांढरी लहर. तो फक्त आईवडिलांचा. पाहुण्यांच्या गर्दीत वर-वधूचे आईवडील कोणते हे ओळखायला तेवढं पुरतं.

आता व्यवहाराचं. जावानी लग्नात साजशृंगार सांभाळणारी एक बाई असते, तिला पेरियास म्हणतात. मेकअप, केस, दागिने, कापड, सगळं तीच बघते, आणि बहुतेक वेळा दोन्हीकडच्या आईवडिलांची कापडं एकसारखी जोडीने आणते. तेव्हा विहीणबाईंना आधी हा निरोप पाठवा: ‘आमच्यासाठी त्रुंतुमची जोडी तुमच्या पेरियासकडूनच घ्यायची का?’ बहुधा तुम्हाला काही विकत घ्यावंच लागणार नाही. आणि हा प्रश्न तुम्ही नक्षीचं नाव घेऊन विचारलात यानेच तिकडे निम्मं काम होईल. तुमच्या यजमानांसाठी कमरेला तेच कापड, वर सुर्जान किंवा बेस्काप म्हणजे जावानी पद्धतीचा कोट, डोक्याला ब्लांगकोन ही बांधीव पगडी आणि पाठीमागे क्रिस म्हणजे कट्यार. योग्यकार्त्याच्या ब्लांगकोनला मागे गाठीचा फुगा असतो, सोलोच्याला मागची बाजू सपाट. पेरियासला हे माहीत असतंच, पण तुम्ही इथून घेऊन जायचा बेत करत असाल तर करू नका.

पैठणीचं विचारलं नाहीत, पण मनात असेलच. पांगिह म्हणजे वधूवरांच्या भेटीचा विधी, त्याला आणि सुंगकेमानला त्रुंतुम, संध्याकाळच्या स्वागतसमारंभाला पैठणी, असं मी तरी करेन. तिकडच्या लोकांना दोन्ही आवडतं.

नवरा-नवरीच्या अंगावर

मुलाला काय नेसवतील याचीही उत्सुकता असेल. बहुतेक ‘सिदो’ने सुरू होणारी एखादी नक्षी: सिदोमुक्ती, सिदोलुहुर, सिदोआसिह. सिदो म्हणजे होवो, घडो. सुखासमाधानाचे दिवस, मान, प्रेम, असे आशीर्वादच कापडावर. आराखडा तिन्हींचा साधारण सारखा: तिरकी जाळी, आणि प्रत्येक खणात आलटून पालटून गरुडाचे पंख, फुलपाखरू, छोटा मंडप किंवा सिंहासन. सोलोत हे कापड सगळं सोनेरी तपकिरी दिसतं, योग्यकार्त्यात जमीन पांढरी. दुसरी लोकप्रिय नक्षी वाह्यू तुमुरुन, वरून उतरणाऱ्या मुकुटाची, दैवी कृपा उतरावी अशा अर्थाची. घराणं मोठं असेल तर दोदोत नेसवतात, म्हणजे साध्या कापडाच्या दुपटीहून मोठा घोळ, आणि त्यावर सोन्याचा वर्ख.

यात कुठे सेमेन रामा आलं तर मुलाला जरूर समजावून सांगा, कारण ते त्याला आपलंच वाटेल. सेमेन हा कोंबांचा, पालवीचा वर्ग आहे: वेली, डोंगर, पंख, पाखरं, सगळं एकत्र उगवल्यासारखं. सेमेन रामामागे जावाच्या जुन्या रामायणातला प्रसंग आहे. रावण मारला गेल्यावर राम बिभीषणाला राज्य कसं करावं ते सांगतो, आठ देवांचे आठ गुण घे म्हणून: इंद्र, यम, सूर्य, चंद्र, वायू, कुबेर, वरुण, अग्नी. याला तिकडे हस्त ब्रत म्हणतात. कापडावर गरुड म्हणजे सूर्याचं तेज, पक्षी म्हणजे वारा, होडी म्हणजे वरुण, ज्वाळा म्हणजे अग्नी. बाकीच्यांत झाड कुणाचं आणि डोंगर कुणाचा यावर सांगणारे थोडे थोडे वेगळं सांगतात, त्यावर वाद घालू नका. मला या कापडात सगळ्यांत जास्त आवडतं ते हे की उपदेश इतका जड असूनही नक्षी हलकी आहे. मधे कुठेतरी एखादं हरीण किंवा मोर असतो आणि बघणाऱ्याचं लक्ष आधी त्याच्याकडेच जातं. गरुडाकडे मात्र नीट बघा. एकच पंख असेल तर तो ‘लार’, दोन पंख जोडीने असतील तर ‘मिरोंग’, आणि पिसारा पसरलेले दोन पंख म्हणजे ‘सावात’. हा शेवटचा विष्णूच्या वाहनाचा, म्हणून राजसत्तेचा, आणि म्हणून पुन्हा राखीव यादीतला. पारांगच्या आकाराचं जे सांगितलं तेच इथे पंखांच्या संख्येचं.

गाव ओळखायचं कसं

तुमच्या सुनेकडचे योग्यकार्त्याचे, पण नातेवाईक सोलोचेही असतील. दोन्ही गावं गाडीने जवळ, पण कापडाच्या बाबतीत एकमेकांना चिमटे काढायला उत्सुक. योग्यकार्त्याचं कापड म्हणजे स्वच्छ पांढरी जमीन, त्यावर काळपट निळा आणि तपकिरी, रेघा ठसठशीत. सोलोचं कापड दुधात केशर कालवल्यासारखं पिवळट, तपकिरी ऊबदार. पारांगच्या ओळी योग्यकार्त्यात वरून उजवीकडून खाली डावीकडे येतात, सोलोत उलट. पुढे निऱ्या घालतात त्यांना विरू म्हणतात. कापडाच्या टोकाला जो पांढरा काठ राहतो तो योग्यकार्त्यात निरीवर दिसू देतात, सोलोत आत दुमडतात. तुम्हाला निऱ्या घालून देणारी बाई तो पांढरा काठ बाहेर ठेवेल, तेव्हा ‘अगं हे राहिलंय’ म्हणून आत ढकलू नका.

त्या तपकिरी रंगाबद्दल एक सांगायचा मोह आवरत नाही. त्याला सोगा म्हणतात, आणि तो ज्या सालींपासून पूर्वी काढत त्यांतलं एक झाड म्हणजे आपल्या पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर पिवळा सडा घालणारा सोनमोहर.

उत्तर किनाऱ्याचं जग वेगळं. तिथे दरबारी बंधन कमी, आणि बंदरांमुळे चिनी, अरब, गुजराती, डच सगळ्यांचं काहीतरी कापडात उतरलं. चिरेबोनचा मेगामेंदुंग म्हणजे ढगाचे पदर, निळ्याच्या एकात एक छटा. त्यात चिनी ढगांचं वळण उघड दिसतं, आणि अर्थ सांगतात तो शांत डोक्याचा. लासेमचा लाल रंग प्रसिद्ध, तिथेच त्याला कोंबडीच्या रक्ताची उपमा देतात. पूर्वी एकच कापड लाल रंगासाठी लासेमला, निळ्यासाठी पेकालोंगानला आणि तपकिरीसाठी सोलोला फिरत असे, त्याला नावच ‘तीन देश’. पेकालोंगानला डच काळात फुलांचे गुच्छ आले. तिथलीच जलाम्प्रांग नक्षी थेट गुजरातच्या पटोळ्यावरून घेतलेली आहे. पटोळी डच ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातून जावात जात आणि तिथे इतकी मौल्यवान समजत की राजवाड्यातली माणसं त्यांचे पायजमे शिवून घेत. विणीतला चौकोनी, दातेरी आकार मेणाने ठिपक्या-ठिपक्यांत उतरवायचा, म्हणजे डोळे फुटायचं काम. विहीणबाईंकडे असं कापड दिसलं तर ‘हे आमच्याकडून आलं’ असं प्रेमाने म्हणायला हरकत नाही.

किनाऱ्याच्या कापडात प्रसंगाचे संकेत सैल असतात, रंगावरून वय किंवा परिस्थिती ओळखतात तेवढंच. तेव्हा तुमच्यासारख्या पाहुण्याला खरेदीसाठी ते सगळ्यांत निर्धास्त. नातेवाइकांना भेट द्यायला मेगामेंदुंग किंवा फुलांचे गुच्छ घ्या, कुणाच्या भावना दुखणार नाहीत.

एक सावधगिरी मात्र मध्य जावाच्या कापडांबाबत. दुकानात ‘स्लोबोग’ नावाची एक साधी, छान भौमितिक नक्षी दिसेल, त्रिकोण-चौकोनांची. ती घेऊन लग्नाला जाऊ नका. ती अंत्यविधीला नेसतात, गेलेल्याची वाट मोकळी व्हावी म्हणून. पूर्वी अधिकाऱ्याने पद स्वीकारताना तीच नेसायची पद्धतही होती. मोकळ्या वाटेचा अर्थ दोन्हीकडे बसतो, पण हे लग्नघरातल्या आत्याबाईंना समजावत बसायची वेळ नको. तांबाल म्हणजे ठिगळांची नक्षी, ती आजाऱ्याच्या अंगावर घालतात. बाबोन आंग्रेम, अंड्यांवर बसलेली कोंबडी, ही पोटुशी बाईसाठी. उद्या सूनबाईंचा सातवा महिना लागेल तेव्हा मितोनीचा विधी बघायला मिळाला तर बघाच. एकामागून एक सहा भारी बाटिक कापडं तिला नेसवतात, आणि प्रत्येक वेळी जमलेल्या बायका एका सुरात म्हणतात, ‘अजून शोभत नाही’. सातवं येतं साधं हातमागाचं पट्ट्यांचं लुरिक, आणि मग सगळ्या ‘शोभलं!’ म्हणतात.

अर्थ कितपत पक्के असतात

यावर माझं मत थोडं कडू आहे. कावुंगचं उदाहरण घ्या. चार लंबगोल एका केंद्राभोवती. ताडाच्या जातीचं फळ आडवं कापलं की आत असं दिसतं. पूर्व जावातल्या तेराव्या शतकातल्या दगडी मूर्तींच्या वस्त्रांवर असा आकार कोरलेला सापडतो, म्हणजे नक्षी बाटिकच्या लिखित इतिहासाहून जुनी. कुणी म्हणतं शुद्ध बीज, कुणी म्हणतं चार दिशा आणि मधे केंद्र, हा जावानी विश्वरचनेचा आराखडा. मग तीच नक्षी छाया-बाहुल्यांच्या खेळात सेमारच्या अंगावर असते, जो दिसायला विदूषक आणि मुळात देव. आणि आकारांची नावं चक्क नाण्यांची: बारीक कावुंग ‘पिचिस’, दहा सेंटच्या नाण्याचं नाव. तत्त्वज्ञान आणि सुटे पैसे एकाच कापडावर.

म्हणून कुणी तुम्हाला एका नक्षीचा एकच ‘खरा’ अर्थ सांगितला तर मान डोलवा आणि पुढे जा. 2009 मध्ये इंडोनेशियाच्या बाटिकला युनेस्कोची मान्यता मिळाली, त्यानंतर दुकानदारांच्या चिठ्ठ्यांवर अर्थांचं पीक आलंय. त्यांतले काही जुने, काही कालचे. पण आईवडिलांनी त्रुंतुम, वधूवरांनी सिदोमुक्ती, मयतीला स्लोबोग, वाड्यात पारांग नको, हे संकेत लोक रोज पाळतात. तुम्हाला उपयोग त्यांचाच.

आणलेल्या कापडाचं काय करायचं

टाकू नका. आधी ते खरं बाटिक आहे का ते बघा. उलट बाजू सुलट बाजूइतकीच गडद हवी, कारण हाताने केलेल्या कापडात मेण दोन्ही बाजूंनी लावतात. मागची बाजू फिकी असेल तर ती छपाई. मग ठिपके बघा. हातच्या कामात दोन ठिपके तंतोतंत सारखे नसतात. ठशाच्या कामात ठरावीक अंतराने तोच सांधा पुन्हा येतो, आणि ठसाही खरं बाटिकच, कमी कष्टाचं. आपल्याकडे शांतिनिकेतनपासून मुंद्रा आणि उज्जैनजवळच्या भैरवगडपर्यंत जे बाटिक होतं, त्यात मेणाच्या भेगांतून रंग शिरून जाळी उमटते आणि ती आपल्याला आवडते. मध्य जावात चांगल्या कापडात अशी भेग म्हणजे दोष. त्यांच्या मेणात राळ आणि मधमाश्यांचं मेण अशा प्रमाणात असतं की ते वाकतं, तडकत नाही. तेव्हा भेगा नाहीत म्हणून कापड खोटं समजू नका.

खरं निघालं तर इथे आपल्याकडे बिनधास्त वापरा: ओढणी, भिंतीवर, दिवाळीला यजमानांना शर्ट. शर्ट शिवायचा तर शिंप्याला तिरप्या ओळी पुढच्या दोन्ही भागांवर नीट जुळवायला सांगा, नाहीतर पारांग तुटलेली दिसते आणि सगळी शान जाते. वळशांची पट्टी रुंद असेल तर शर्टापेक्षा भिंतच बरी.

धुताना साबणाची पावडर अजिबात नको. जावात बाटिक लेराकच्या फळांनी धुतात, आणि ते दुसरं काही नाही, आपला रिठा. रिठे कोमट पाण्यात भिजवून कुस्करायचे, गाळून त्या फेसात कापड हलक्या हाताने बुचकळायचं, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. इस्त्री करायची तर वर पातळ सुती कापड टाकून. आणि अत्तर कापडावर फवारू नका, सोग्यावर डाग पडतो.